मी सडका नव्हतो

मी एक जुना ओकच्या लाकडाचा दरवाजा आहे. पण मित्रांनो, पूर्वी माझ्यातून माणसं ये-जा करत नसत, बोटी करत. न्यूयॉर्क राज्यातल्या एका कालव्यावर, चढाच्या जागी दगडी हौद होता. त्यात पाणी भरलं की बोट वर चढे, सोडलं की खाली उतरे. हौदाच्या खालच्या तोंडाशी आम्ही दोन जुळे दरवाजे होतो. डावा मी.

एसहेल टटल हा तिथला राखणदार. दर वसंतात कालव्यात पाणी सोडण्याआधी मी कुठे सडलो तर नाही ना, म्हणून तो सुरीचं टोक माझ्यात टोचून पाही, डांबर लावी आणि म्हणे, "अजून वीस वर्षं तुला काही होत नाही, बाबा." एवढ्या कौतुकावर मी वर्षभर पाणी अडवत असे.

आता माझा राग का जात नाही, ते ऐका.

पीठ घेऊन पूर्वेला उतरणाऱ्या बोटींना फार घाई. हौदातून निघताना त्यांना लाट हवी असे. म्हणजे हौदाच्या वरच्या तोंडाच्या दरवाजांतल्या झडपा उघडायच्या आणि मागून येणाऱ्या लोंढ्याने बोट बाहेर ढकलायची. खाली कुणी नसेल तरच टटल लाट देई.

एका दुपारी खाली एक बोट थांबली होती. पश्चिमेला नवी वस्ती करायला निघालेली कुटुंबं तिच्यावर होती. लोविसा हिंकली नावाची बाई ओल्या पेंढ्यात गुंडाळलेली सफरचंदाची रोपं मांडीवर घेऊन बसली होती.

पिठाच्या बोटीचा कप्तान ब्रॅडिश ओरडला, "काय हो टटल, पाणी काय तुमच्या घरच्या विहिरीतलं आहे?"

"खाली बायकापोरं आहेत, कप्तान. लाट मिळणार नाही."

"पश्चिमेला निघालेत ना? मग धक्क्यांची सवय होऊ द्या त्यांना."

त्याच्या माणसांनी टटलला बाजूला सारलं आणि झडपा स्वतःच उघडल्या. लोंढा आला. बोट तिरपी होऊन माझ्यावर आदळली, माझा लोखंडी पट्टा तुटला, आणि ती तशीच खालच्या बोटीवर गेली. माणसं वाचली. पण लोविसाची रोपं पाण्यावरून वाहत गेली. ती काठावर उभी राहून नुसती बघत होती.

चौकशीत ब्रॅडिश म्हणाला, "दरवाजाच सडका होता." ज्यांनी खरं पाहिलं, ती माणसं एव्हाना शंभर मैल पश्चिमेला गेली होती. मला कुणी हात लावूनसुद्धा पाहिलं नाही. टटलची नोकरी गेली.

हिवाळ्यात मला लाकडाच्या गिरणीत आणलं. टटल आता तिथेच ओंडके ओढत होता. करवत फिरली आणि माझं अंग आतून स्वच्छ, घट्ट निघालं. एक तुकडा घेऊन तो चौकशी केलेल्या तपासनीसाकडे गेला.

"लाकूड उत्तम आहे," तपासनीस म्हणाला. "पण निकाल लागून गेला, टटल."

उरलेल्या फळ्यांचं टटलने आपल्या घराला दार केलं. आता माझ्यातून माणसं ये-जा करतात. मित्रांनो, एखादी वस्तू मोडली, तर ती मुळातच खराब होती असं म्हणण्याआधी तिला टोचून पाहा. आणि झडपेवर हात कुणाचा होता, तेही विचारा.

टटल अजून दर वसंतात माझ्यात सुरीचं टोक टोचून पाहतो. ते आत जात नाही. त्याने दिलेली वीस वर्षं संपून यंदा एकविसावं लागलं आहे.