मास्तरणीवर जळणारे भिंग

मी एक जुने भिंग आहे. पितळेची कडा, काळ्या लाकडाची मूठ आणि काचेच्या डाव्या अंगाला केसाएवढा चरा. मित्रांनो, पुढे ऐकण्याआधी एक कबुली देतो. मी फार मत्सरी आहे. अर्धे आयुष्य मी घड्याळांची चाके बघण्यात घालवले आणि उरलेले एका पोरीवर जळण्यात.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला तीन दिवस घासून घासून घडवले. तिथून मी घड्याळजींच्या दुकानात आलो. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. दोन गिऱ्हाइके आत आली, तर तिसऱ्याने रस्त्यावर उभे राहूनच काय ते बोलायचे. तिथे बत्तीस वर्षे मी घड्याळजींच्या हातात होतो. केसाहून बारीक स्प्रिंगा आणि राईएवढे स्क्रू मी त्यांना बोराएवढे करून दाखवले. एखादे गिऱ्हाईक म्हणे, "घड्याळजी, डोळा असावा तर तुमच्यासारखा!" त्यावर ते मला वर उचलत आणि म्हणत, "डोळा हा आहे. मी नुसता मागं उभा असतो."

असे कौतुक ऐकल्यावर कोणाचे डोके ठिकाणावर राहील?

घड्याळजींना आकडे येत, अक्षरे येत नसत. बायको लवकर गेली, पदरात एकुलती एक मुलगी. ती सात वर्षांची झाली तेव्हा शाळेतून थेट दुकानात येई, बाकावर चढून बसे आणि पाटीवर अक्षरे काढून बापाला शिकवी. घड्याळजी चाळिशीच्या पुढचे, आणि समोर ही एवढीशी मास्तरीण.

"बाबा, जोडाक्षराला घाबरायचं नाही. तिथं जरा थांबायचं, मग पुढं जायचं."

"घाबरत नाही गं. पण याचा पाय कुठला आणि डोकं कुठलं, तेच कळत नाही."

तेव्हापासून ते तिला मास्तरीणच म्हणत. त्या दिवसांत मला तिचा राग नव्हता. अक्षर ती काढी, पण त्यांना दाखवत असे मी.

पुढे ते धर्मग्रंथ वाचू लागले. त्यातली एक गोष्ट त्यांची फार लाडकी. आंधळ्या आईबापांना कावडीत बसवून, ती कावड खांद्यावर घेऊन रानावनांतून चालत गेलेल्या मुलाची. ते पान माझ्यासमोर इतक्या वेळा उलटले गेले की त्याचा कोपरा कापडासारखा मऊ पडला होता.

सत्तरीला पोचण्याआधीच त्यांच्या डोळ्यांत दोष आला. नजरेच्या मधोमध एक काळा ठिपका पडला आणि तो वाढत गेला. मी एकेक अक्षर भोपळ्याएवढे केले, तरी त्यांना दिसेना. मुलीने तोवर बापाचे काम शिकून घेतले होते. दुकान तिने हातात घेतले, आणि दिवसभर काम करून घरी आल्यावर ग्रंथही तीच वाचून दाखवू लागली.

आणि मी? मला टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवले. भिंगाचा दगड झाला!

ती वाचत असे आणि घड्याळजी हसत, मान डोलावत, कधी डोळे पुसत. मी त्यांच्या हातात असताना ते असे कधी हसले नव्हते. अंगाचा नुसता तिळपापड होई. एकदा मी खिडकीतल्या उन्हात पडलो होतो आणि शेजारीच तिची शाल होती. त्या शालीला एक छानसे भोक पाडावे, असे माझ्या मनात आले. ढग आला म्हणून शाल वाचली.

मग एक पत्र आले. दूरच्या शहरात मनोऱ्यांवरची मोठी घड्याळे सांभाळणारा एक कारखाना होता. घड्याळजींनीच मागे लागून तिला तिथे अर्ज करायला लावले होते.

"वाच, वाच, काय म्हणतात?"

तिने पत्र मनाशी वाचले. मग भरभर म्हणाली, "कळवण्यास वाईट वाटतं की जागा भरली आहे."

पत्र टेबलावर ठेवून तिने वर मला ठेवले. माझ्या पोटाखाली ठळक अक्षरे होती : आपली निवड झाली आहे.

मित्रांनो, दुसऱ्या कोणी त्या खोटेपणातली माया पाहिली असती. मी पाहिली ती संधी! खोटे उघडे पडले तर ही जाणार, आणि घड्याळजी पुन्हा माझे एकट्याचे होणार. फक्त मला तोंड नव्हते.

पण घड्याळजींचे कान शाबूत होते. ठोका चुकला की त्यांना कळे. जोडाक्षरापाशी थांबणारी मास्तरीण पत्र वाचताना कुठेच थांबली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेल्यावर त्यांनी चाचपत मला उचलले. किती महिन्यांनी! पत्र खिडकीशी नेले, कोंबडीसारखी मान वाकडी केली आणि डोळ्याच्या कडेने बघू लागले. कडेला अजून थोडे उजाडत होते. अशाने ग्रंथ वाचून झाला नसता, एका ओळीला तासभर लागत होता. पण हवी होती एकच ओळ. मी जीव तोडून मदत केली. माया म्हणून नव्हे, निव्वळ जळफळाटाने.

संध्याकाळी ती आली.

"मास्तरीण, कालचं पत्र पुन्हा वाच."

"वाचलं की, बाबा."

"सावकाश वाच. निवड शब्दापासून."

ती खाली बसली. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

त्यांनी मला वर धरले. "यानं."

मी फुगून दुप्पट झालो.

"मला खोटं वाचून दाखवायला अक्षरं शिकवलीस का गं?"

"मग काय करू? नवीन घरात तुम्हाला नळ कुठं, जिना कुठं, काही कळायचं नाही. इथं तुम्ही डोळे मिटून चहा करता."

"मिटूनच करणार. उघडून काय दिवे लावायचेत?"

ती हसली आणि हसता हसता रडू लागली. "मी तुम्हाला सोडून जाणार नाही."

"सोड असं कोण म्हणतंय? त्या कावडीवाल्या पोरानं सोडलं होतं का?"

"तुमचे हाल होतील, बाबा."

घड्याळजी म्हणाले, "सगळे त्या पोराचंच कौतुक करतात. कावडीत बसणाऱ्यांचं कुणी बोलत नाही. दिसत नाही, पायाखाली जमीन नाही, पोराच्या खांद्यावर भरवसा टाकून लोंबकळत राहायचं. सोपं आहे का ते? मला भीती वाटते, बाई. तरी मी बसतो. तू उचल."

माझ्या काचेवर कोणी गार पाणी ओतावे तसे झाले. मी एकाला ठेवून दुसरीला घालवायला निघालो होतो, आणि हे दोघे एकमेकांना घेऊन निघाले होते. मला कोणी विचारलेसुद्धा नाही.

विचारले नाहीच, उलट त्यांनी मला तिच्या मुठीत ठेवले. "हे तुझ्याकडे ठेव. मोठ्या घड्याळातही बारीक चाकं असतात."

"तुमचं आहे हे."

"माझ्यापुरतं पाहून झालं त्याचं."

त्या एका वाक्याने मी जितका दुखावलो तितका बत्तीस वर्षांत नव्हतो. तिने मला अलगद धरले, अंगठा माझ्या लाकडी मुठीच्या खाचेत टेकवून, अगदी घड्याळजी धरत तसे.

आता मी त्या दूरच्या शहरातल्या कारखान्यात तिच्या कामाच्या मेजावर असतो. नव्या घरी नळापर्यंत अठरा पावले आहेत, बाबांनी मोजली, असे ती सोबतच्या कारागिरांना सांगत असते. संध्याकाळी मला खणात बंद करून ती वाचून दाखवायला घरी जाते. मी अंधारात पडून जळत राहतो. पूर्वी एकीवर जळत होतो, आता दोघांवर. म्हातारपणी स्वभाव बदलत नाही, मित्रांनो.

पण माझे एक ऐका. तुमच्या घरात कोणाचे डोळे थकले असतील, तर त्यांना रोज थोडे वाचून दाखवा. मात्र कागदावर असेल तेच वाचा. वाईट असेल तरी वाचा, आणि चांगले असून तुम्हाला जड जात असेल तरीही वाचा. ती माणसे पेलतात. आणि खण उघडता येत असेल, तर आत पडलेले भिंगही अधूनमधून पुसत जा.