मिठाचं पाणी आणि कोनाड्यातलं अंडं

मित्रांनो, मोरोक्कोतल्या मेक्नेस शहरी एका अंगणात, राखेच्या ढिगाला टेकून एक जुना रांजण पडलेला दिसला, तर तो मी. काठ शाबूत, बूड शाबूत. आतून हिरवी झिलई आहे, म्हणून मिठाला मला कधी खाता आलं नाही.

ऑलिव्हची हिरवी फळं विलक्षण कडू. ती ठेचून साध्या पाण्यात ठेवतात आणि ते पाणी रोज बदलतात. कडूपणा हळूहळू त्यात उतरतो. मग फळं माझ्यात येत, मिठाच्या पाण्यात. मीठ पुरेसं असलं की सडवणारे जंतू हरतात, आंबवणारे टिकतात. कमी पडलं की उलटं.

पुरेसं की कमी, हे अंडं सांगायचं. ताजं अंडं साध्या पाण्यात बुडतं, खाऱ्यात तरंगतं. पण घरच्या मालकीण लल्ला तामू (लल्ला म्हणजे तिकडच्या बाईसाहेब) पडल्या हिशेबी. ताजी अंडी विकायला जात. तपासणीला कोनाड्यातलं एकच, उन्हाळ्यापासूनचं. अंडं शिळं झालं की आत हवा वाढते. मग ते फिक्या पाण्यातही डौलात तरंगतं. लल्ला खूश. "बघा, एवढ्याशा मिठात वर आलं."

यंदाची फळं सून इझ्झाच्या हाती होती. "नीट उतरली तर आपल्या ऑलिव्हच्या दुकानात तू बस," असं सासूने शेजारणींदेखत म्हटलं होतं. इझ्झाने पाणी चाखलं.

"लल्ला, अळणी लागतंय. अजून दोन मुठी घालू?"

"अंडं तरंगतंय ना? मग तुझी जीभ मध्ये कशाला? मिठाची खाण काय माहेराहून आणलीस?"

इझ्झाने झाकण लावलं.

ते उघडलं तेव्हा फळांचा लगदा झाला होता. वासाने शेजारणीही आल्या.

"रांजण झिरपत असेल, आई," तिचा नवरा हम्मू म्हणाला. "खारं पाणी गेलं, तुम्ही दोघी वरून साधं ओतत राहिलात."

इझ्झाने मान वर केली. मला धुतलं, काठोकाठ भरलं, बाहेरून कोरडी राख फासली. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर राख कुठेच ओलावली नव्हती.

"रांजण धड आहे," लल्ला म्हणाल्या. "म्हणजे हातच नासका."

दुकानात नणंद बसली. नासका हात लागलेला म्हणून मीही बाहेर आलो.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही, मला काही झालेलंच नाही. फक्त ज्याने पारखता, ते आधी पारखून घ्या. लल्लांना तेवढं एक ताजं अंडं परवडलं नाही.

इझ्झा रोज राख टाकायला येते. वाकून माझ्या बुडावरून हात फिरवते, कुठे चीर लागते का बघते. अजून लागलेली नाही.