सदतीस अंशांचं पाणी

प्रयोगशाळेत तिला सगळे घड्याळबाई म्हणत. बावीस वर्षं तिचं काम एकच. पेशींच्या नळीत मोजता यावं म्हणून खूण केलेलं अमिनो आम्ल सोडायचं, बरोबर एक मिनिट मोजायचं, बर्फगार द्रावण ओतून सगळं थांबवायचं आणि पेशींनी किती आत घेतलं ते पाहायचं. एक नळी बर्फात, एक पंचवीस अंशांच्या पाण्यात, एक सदतीसच्या. थंडीत पेशीच्या पडद्यातली ने-आण जवळपास ठप्प होते, उबेत ती वेग घेते, हे तिने झोपेतही सांगितलं असतं.

त्यांच्या पेशी मात्र सदतीसला हव्या तेवढ्या जोरात अमिनो आम्ल घेत नव्हत्या. आलेख शेवटी मान टाकायचा. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी त्यावर दोन वर्षं डोकं झिजवलं आणि निष्कर्ष काढला, की हा पडदा उबेत स्वतःच ने-आण आवरती घेतो. तसा लेख स्वीकारला गेला होता, महिन्याभरात छापून येणार होता.

त्या सकाळी घड्याळबाई आधीच गळून गेली होती. थोरली बहीण चार दिवस तापाने फणफणलेली, घरात माणसं दोघीच, त्यात ताप मोजायचा थर्मामीटर फुटला. येताना तिने नवा घेतला होता. दुकानदाराचा भरवसा वाटेना, म्हणून तिने तो सदतीसच्या पाण्यात बुडवून पाहिला. पारा पस्तीसच्या पहिल्या रेघेपर्यंतही चढला नाही.

"मारलाच गळ्यात," ती पुटपुटली आणि सहज तो काखेत धरला. साडेछत्तीस. थर्मामीटर ठणठणीत होता.

मग तिने कपाटातला काचेचा लांब तापमापक काढला. पाणी साडेतेहेतीस अंशांवर होतं. पाणी तापतं ठेवणाऱ्या यंत्राच्या पाटीवर सदतीस झळकतच होतं. यंत्राची दुरुस्ती होऊन दोन वर्षं झाली होती, आणि आलेखाने मान टाकायला सुरुवात केली ती त्याच आठवड्यापासून. वही न उघडताही तिला ते ठाऊक होतं. तरी तिने उघडली.

तिने घरी फोन लावला.

"चूक यंत्राची ना?" बहिणीने विचारलं.

"तपासायचं काम माझं होतं, ताई. दोन वर्षं मी नुसती पाटी वाचली."

"नाही सांगितलंस तर कोणाला कळेल?"

"कोणालाच नाही."

बहीण बराच वेळ खोकली. "सगळं परत करावं लागेल?"

"सगळं."

"मग आज घरी ये, नीट झोप काढ. उद्या सांग."

"उद्या माझ्याच्याने सांगवणार नाही."

सर चार महिन्यांनी निवृत्त होणार होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, उठून स्वतः तापमापक पाण्यात धरला. एकदा, दोनदा, मग दुसरा तापमापक मागवून तिसऱ्यांदा. शेवटी ते तिच्या स्टुलावर बसले.

"हे तुमच्या आधीच लक्षात यायला हवं होतं."

"हो, सर."

"माझ्याही." त्यांनी चष्मा पुसला. "आपलं तापमानच सदतीस नव्हतं, आणि मी बिचाऱ्या पडद्याला नवा स्वभाव चिकटवून मोकळा झालो."

लेख मागे घेत असल्याचं पत्र त्यांनी तिच्यासमोरच लिहिलं. चुकीचा सगळा भार आपल्या एकट्यावर घेतलेलं वाक्य तिने वाचलं आणि म्हणाली, "लेखावर दोघांची नावं होती, सर." त्यांनी 'मी'च्या जागी 'आम्ही' केलं.

पुढचे अकरा आठवडे ती नळ्या मोजत राहिली. बहिणीचा ताप उतरला, अशक्तपणा राहिला. घरी पोचेस्तोवर घड्याळबाईचे पाय सुजून यायचे, जेवताना डोळे मिटायचे. पाणी मात्र आता ती रोज दोनदा तपासायची.

शेवटचा ठिपका पडला तेव्हा सर शेजारी उभे होते. आलेख कुठेही न वाकता वर गेला होता.

"पाठ्यपुस्तकात असतो अगदी तसा," ते म्हणाले. "यात छापण्यासारखं काही नाही."

"नाही, सर."

ते मग बाह्या दुमडून मोरीकडे गेले आणि ढिगातल्या नळ्या धुवायला लागले. इतक्या वर्षांत त्यांनी एकही नळी विसळलेली तिने पाहिली नव्हती. एरवी तिने हातातून काढून घेतल्या असत्या. आज मात्र ती स्टूल ओढून बसली, चपला काढल्या आणि पाय फरशीवर टेकवले.