जिराफाच्या स्टेशनावरची शिट्टी

बसस्थानकावरच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत आत्याने एकही गाडी कुणासाठी मिनिटभर थांबवली नव्हती. वाहतूक नियंत्रक म्हणजे घड्याळ बघून शिट्टी फुंकणारं माणूस, बाकी सगळ्या गप्पा, असं तिचं साधं म्हणणं. त्यातून सख्खा भाऊही सुटला नाही. पहिल्यावहिल्या नोकरीच्या मुलाखतीला निघालेला तो बिचारा बॅग छातीशी धरून धावत येत होता, आणि हिने शिट्टी दिली. "गाडीत चाळीस माणसं बसली होती, त्यांनी काय घोडं मारलं होतं माझं?" असं ती आजही ताठ मानेने विचारते.

सध्या मात्र तिचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि हाताखाली एकही गाडी नव्हती. होती ती फक्त सुट्टीला आलेली भाची. तिच्या अखंड बडबडीमुळे घरात सगळे तिला टिटवीच म्हणत. ही टिटवी पंधरा दिवस आत्याच्या कॉम्प्युटरवर प्राणिसंग्रहालय चालवत होती, म्हणजे खरं तर बुडवत होती. खेळातला नियमच कडक होता. पहिलं वर्ष संपताना तिजोरीतला आकडा शून्याच्या खाली असला, की बँक सगळे प्राणी विकून टाके. अशी अकरा प्राणिसंग्रहालयं बुडाली होती आणि बारावं गटांगळ्या खात होतं.

दुपारी तीनच्या सुमाराला टिटवी चक्क गप्प झाली, तेव्हा आत्याने पुस्तक बाजूला ठेवलं.

"काय गं, तब्येत बरी आहे ना?"

"पाच वाजता बाबा येणार मला न्यायला. आणि घरच्या कॉम्प्युटरवर हा खेळ चालत नाही." टिटवीने पडद्यावरच्या जिराफावर बोट ठेवलं. "वर्ष संपलं की लगेच हिला पिल्लू होणार आहे. आता सप्टेंबर चालू आहे आणि नऊशेच नाणी उरलीत. दर वेळी पिल्लू व्हायच्या आत हिला विकून टाकतात, आत्या. मला एकदा तरी बघायचंय."

आत्याने खुर्ची पुढे ओढायला लावली, चष्मा पुसला आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा पडद्याकडे नीट पाहिलं. झाडांमधून वळसे घेत एक छोटी आगगाडी चालली होती, डब्यांत माणसं हात हलवत बसली होती.

"तिकीट किती आहे हिचं?"

"फुकट आहे. लोकांना बरं वाटतं ना."

"अकराही वेळा फुकट?"

"हो."

आत्याने कपाळावर हात मारला. सव्वीस वर्षांत तिने विनातिकीट प्रवासी पुष्कळ पाहिले होते, पण सगळी गाडीच विनातिकीट असलेली पाहिली नव्हती. तिने टिटवीच्या हातातून माउस घेतला आणि माणशी दोन नाणी तिकीट लावलं. मग तिला ते वळसे खुपायला लागले. पाच थांबे कशाला हवेत? लोक येतात जिराफ बघायला, मग त्यांना जिराफाकडे न्या. रूळ उखडले, सरळ केले, एक स्टेशन फाटकाशी, एक जिराफाशी. गाडी आपोआप सुटायची, पण शिट्टीचं बटण आपल्या हाती घ्यायची सोय होती. ते तिने तत्काळ घेतलं.

"बघ, भारमान बघ," ती म्हणाली. भारमान म्हणजे गाडी किती भरून जाते ते. "शंभर टक्के. आमच्या डेपोत असं झालं असतं तर मला हार घातला असता."

टिटवी खुर्चीवर गुडघे टेकून उभी राहिली. गाड्या सुटत होत्या, पोचत होत्या, परत येत होत्या, आणि आत्या अशी काही खुलली होती की पायाला खाज सुटल्याचंही विसरली.

ऑक्टोबर संपला तेव्हा तिजोरीत नव्वद नाणी होती. नोव्हेंबरच्या मध्याला आकडा लाल झाला. आत्याला काही उमगेना. गाड्या भरलेल्या, वेळेवर, आणि पैसे कुठे जातात? टिटवीने एका पाहुण्यावर क्लिक केलं. त्याच्या डोक्यावर विचार उमटला, 'जिराफ पाहिला. आता घरी.' दुसऱ्याच्या डोक्यावरही तेच. तिकडे आइस्क्रीमवाला हाताची घडी घालून उभा होता, आणि माकडांपुढची देणगीपेटी रिकामी होती.

आत्याने स्वतः आणखी चार पाहुण्यांवर क्लिक करून पाहिलं.

"अगं, हे प्रवासी नाहीत," ती शेवटी म्हणाली. "यांना कुठे पोचायचंच नाहीये. आणि मी त्यांना दहा मिनिटांत पोचवून घरी पाठवतेय. चूक माझी आहे, टिटवे."

"मग आता?"

"आता उलटं करायचं."

स्टेशन मोडलं की निम्मे पैसे परत मिळत. तिने फाटकाजवळचं स्टेशन मोडलं आणि जिराफाच्या पलीकडे, पार पाणघोड्याच्या तळ्याशी नेऊन ठेवलं. आता लोकांना आइस्क्रीम आणि माकडं ओलांडून जिराफापर्यंत चालतच जावं लागे आणि पुढे गाडी. वेगाचा काटा तिने स्वतःच्या हाताने सगळ्यात खाली ओढला. तिचा जीव तीळ तीळ तुटला, पण ओढला.

आइस्क्रीमवाल्यापुढे रांग लागली. उणे तीनशे, उणे दोनशे दहा, उणे ऐंशी. टिटवी प्रत्येक आकडा ओरडून सांगत होती आणि आत्याही, शेजारीपाजारी काय म्हणतील याचा विचार न करता, तिच्या सुरात सूर मिसळत होती.

पाचला भाऊ आला. दार उघडंच होतं. "चला, साडेपाचची गाडी आहे," तो म्हणाला, पण कुणी वळून पाहिलं नाही. म्हणून तोही बॅग हातात घेऊन खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

खेळात एकतीस डिसेंबरची संध्याकाळ होती. तिजोरीत उणे चौदा. फाटक बंद झालं होतं, दुकानं मिटली होती, जिराफाच्या स्टेशनावर शेवटची गाडी उभी. तिकिटाचे पैसे गाडी सुटली की जमा होत, आणि गाडीत पाचच माणसं होती.

"दहाच होतात," टिटवीने बोटांवर मोजलं. "आत्या, दिवस संपतोय. शिट्टी दे."

आत्याचं बोट बटणावर होतं. पण तिची नजर पडद्याच्या कडेला गेली. माकडांच्या बाजूने तिघं जण येत होते, आईबाप आणि एक पोर. ते धावत होते.

"थांब," आत्या म्हणाली.

"आत्या, घड्याळ बघ."

"बघितलंय. थांबू दे गाडी."

बाप चढला, आई चढली, पोर मागे राहिलं, मग तेही चढलं. आत्याने शिट्टी दिली. गाडी हलली. आकडा हिरवा झाला, दोन नाणी, आणि वर्ष संपलं.

टिटवी आत्याच्या गळ्यात पडली ती प्लास्टरवरच. आत्या कळवळली आणि हसली, दोन्ही एकदम. पडद्यावर जिराफाच्या कुंपणात एक लालसर ठिपका चमकायला लागला होता, पिल्लू येत असल्याचा.

"माझ्यासाठी नव्हती थांबवलीस," मागून भाऊ म्हणाला. चेष्टेतच म्हणाला तो.

आत्या वळली नाही. "नव्हती थांबवली."

"दिसत तरी होतो का गं मी तुला?"

"दिसत होतास," आत्या म्हणाली. "अजून दिसतोस."

साडेपाचला पंधरा मिनिटं होती आणि स्थानक दहा मिनिटांवर. भावाने बॅग खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि बहिणीच्या शेजारी बसला. पिल्लू जमिनीवर पडलं होतं आणि उभं राहायला धडपडत होतं.

"पुढची कितीला आहे?" त्याने विचारलं.

"सव्वासातला," आत्या म्हणाली. "बस निवांत."