जोमानं वाढलेली डिश

आमच्या प्रयोगशाळेत गुणसूत्रं तपासणाऱ्या माणसाला मी शंकासूर म्हणते. चहात साखर घातलीय असं सांगितलं तरी घोट घेतल्याशिवाय त्याला पटत नाही. त्या सकाळी मात्र त्याचा गळा धरावा असं वाटत होतं.

दुपारी माझ्या धाकट्या दिराचं ऑपरेशन होतं. बॅटरी दुरुस्त करताना ॲसिड उडून त्याचा डावा डोळा पांढरा पडला होता. उजव्या, चांगल्या डोळ्याच्या कडेचा कणभर तुकडा काढून त्यातल्या मूळ पेशी मी वाढवत होते. त्यांचा थर डाव्या डोळ्यावर बसवायचा होता. पेशींच्या तीन डिश होत्या. नेमका सुट्टीच्या दिवशी त्या ठेवायच्या उबदार पेटीचा, इन्क्युबेटरचा, थर्मोस्टॅट बिघडला. अंगाच्या उबेत राहणाऱ्या पेशी भट्टीत किती वेळ उकडल्या, देव जाणे. भोंगा बोंबलला असेल, पण ऐकायला तिथे कुत्रं नव्हतं.

दोन डिशमधल्या पेशी पसरट होऊन बसल्या, वाढायचं नावच घेईनात. तिसरीतल्या बऱ्याच मेल्या, पण उरलेल्यांनी असा जोर धरला की बघता बघता तळ भरला. माझा जीव भांड्यात पडला. आमच्या कामात सगळे हेच करतात, दिसायला टवटवीत डिश उचलतात. मीही उचलली आणि दिराला फोन करून ये म्हणून सांगितलं.

शंकासुराला ते पचेना. त्यानं त्यातल्या थोड्या पेशी आधीच तपासायला घेतल्या होत्या.

"ताई, भावंडं आजारी आणि ही एकटीच धष्टपुष्ट कशी?" तो म्हणाला. "एवढा ताप सोसल्यावर शहाणी पेशी थांबते, नाहीतर मरते. ही तर सुसाट सुटलीय."

"चिवट असतात काही. तुमचं नाव शंकासूर उगाच नाही पडलं."

"तुम्हीच पाडलंय," तो म्हणाला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला.

मी त्याच्या पाठीशी उभी राहिले. शेवटी तो खुर्चीवरून उठला. "तुम्हीच बघा."

गुणसूत्रं सेहेचाळीस हवीत. मी सत्तेचाळीस मोजली. दुसऱ्या पेशीतही तेच. तिसरीत एकाचा तुकडा मोडून भलत्यालाच चिकटला होता.

"सगळ्याच अशा नाहीत," तो हळू म्हणाला. "पण खडे निवडून काढायला आपल्याकडे चाळणी नाही."

"डोळ्यात गेल्या तर?"

"कदाचित काहीच होणार नाही. कदाचित गाठ येईल."

नवा तुकडा घ्यायचा तर तो त्याच एका चांगल्या डोळ्यातून. सर्जनबाईंनी पहिल्याच वेळी बजावलं होतं, परत मागू नका, तो डोळाही बिघडेल.

तेवढ्यात व्हरांड्यात दिराचा आवाज आला. पहारेकऱ्याला सांगत होता, उद्यापासून दोन्ही डोळ्यांनी तुझ्यावर नजर ठेवणार. मी लग्न करून आले तेव्हा हा शाळेत होता, माझ्या ताटातलं उचलून खायचा. त्याला नाही म्हणणं मला कधी जमलंच नाही. धोका माझा, पेशी दे तू, असं तो म्हणाला असता आणि मी दिल्या असत्या.

मी ब्लीचची बाटली उचलली आणि डिशमध्ये ओतली. आतलं गुलाबी पाणी फिकं पडलं, पेशी संपल्या.

"अहो, सर्जनबाईंना विचारायचं तरी," शंकासूर म्हणाला.

मी दार उघडून बाहेर गेले आणि दिराला सगळं सांगितलं. इन्क्युबेटर कसा तापला, पेशी आतून कशा बिघडल्या. तो ऐकत होता.

"टाकून दिल्यास? सगळ्या?"

"हो."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास."

"मग म्हणू द्यायचं होतंस. डोळा माझा होता, वहिनी." त्यानं पिशवी उचलली. "आणि हा दुसरा राहिलाय ना, त्याला आता कुणी हात लावायचा नाही. तू तर नाहीच."

तो जिन्याकडे चालू लागला. मी मागे गेले. माझंच बरोबर होतं हे मला ठाऊक होतं, आणि तरी रडू आवरत नव्हतं. पहिल्या पायरीपाशी तो थांबला. एका डोळ्यानं त्याला पायरीची खोली कळत नव्हती. एक पाय पुढे टाकून त्यानं मागे घेतला.

"पुढे हो," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी एक पायरी उतरले. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि खाली रस्ता येईपर्यंत तो काढला नाही.