दुपारी तपासलेले ब्रेक

‘ब्रेक लागलेच नाहीत’ असं एखादा ड्रायव्हर म्हणाला की माझं टाळकं फिरतं. डुलकी लागलेली असते, नाही तर दारू घेतलेली असते, आणि नाव ब्रेकचं. आरमोरीत वडसा रस्त्यावर माझं गॅरेज आहे. पंधरा वर्षांत असे कितीतरी फेल झालेले ब्रेक मी तपासले. त्यातले खरोखर फेल झालेले एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यामुळे शहाऐंशीच्या जानेवारीत दवाखान्याची जीप माझ्याकडे ओढून आणली, तेव्हा माझं मत आधीच तयार होतं. हे मी आज कबूल करतो. तेव्हा कोणी म्हटलं असतं, तर पाना फेकून मारला असता.

जीप जुनी होती. गावोगाव औषधं पोचवणाऱ्या एका धर्मादाय दवाखान्याची. लटारूभाऊ तिचा ड्रायव्हर, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, सुपारीचंही व्यसन नसलेला माणूस. त्या दिवशी सकाळी साडेसहाला वैरागडच्या बाजूनं येताना नाल्याच्या उतारावर त्याची जीप थांबली नाही. समोर भाजीवाला भैयाजी सायकलवरून चालला होता. त्याच्या मांडीचं हाड मोडलं, आणि जीप बाभळीला जाऊन अडकली. रस्त्यानं येणाऱ्यांनी ठरवून टाकलं की ड्रायव्हर प्यालेला होता.

दवाखान्याचे सचिव बापूराव गुरुजी, निवृत्त हेडमास्तर. त्यांनी मला सांगितलं, “खुशाल, गाडी तपासून लेखी दे. ब्रेक खराब असले तर लटारूचा दोष नाही. ठीक असले, तर सोमवारी त्याला काढतो आणि कागद पोलिसांना देतो.”

म्हणजे लटारूभाऊचं सगळं आता माझ्या एका कागदावर होतं.

दुपारी एक वाजता मी जीपमध्ये बसलो. पेडल दाबलं, लागलं. रस्त्यावर नेऊन पन्नासच्या वेगात दाबलं, चारही चाकं जागच्या जागी. ब्रेकच्या टाकीत तेल भरलेलं, कुठं गळती नाही. मी कागदावर लिहिलं, ‘ब्रेक उत्तम स्थितीत आहेत’, खाली सही ठोकली आणि गुरुजींकडे पाठवून दिला.

संध्याकाळी लटारूभाऊ आला. कपाळाला पट्टी होती. बाकावर बसला, तो टोकाशी.

“जयभीम, खुशालभाऊ.”

“जयभीम. का झालं होतं, खरं सांगा.”

“पेडल दगडावानी झालं होतं जी. खाली जायेच ना. दोन्ही पाय देल्ले, तरी गाडी चाललीच. अन् म्या काई घेतलं नोहोतं. माया पोरीची आन.”

“पेडल दगडावानी होत नसते, लटारूभाऊ. ब्रेक गेला तं पेडल भसकन खाली जाते. म्या सोता चालवून पाह्यली.”

“तुमी पाह्यलं, मंग ठीकच असन,” असं म्हणून तो उठला आणि गेला. भांडला असता तर बरं झालं असतं. मी जेवायला बसलो आणि काही कारण नसताना बायकोवर खेकसलो.

दुसऱ्या दिवशी थंडी कडक होती. मी सकाळी निघायच्या घाईत, आणि बायको, सत्यशीला, चुलीपाशी बाटली धरून बसलेली. माझ्या टाचा भेगाळतात, त्यांना ती रोज टोरीचं तेल चोळून देते. टोरी म्हणजे मोहाचं बी. आमच्याकडे दिव्यापासून भाजीपर्यंत सगळीकडे तेच तेल.

“आटप ना! तेलात का जीव अडकला तुया?”

“थिजलं आहे नं. तूप झालं पुरं,” ती म्हणाली. “बाटली उलटी केली तरी येत नाई. दुपारी आपोआप पातळ होते, तवा तुमी घरी नसता.”

मी तिच्या हातातून बाटली घेतली आणि उलटी धरली. आत पांढरट पिवळा गोळा, हालत नव्हता.

मला भादव्यातली चिठ्ठी आठवली. पावसानं रस्ते खराब होते आणि ही जीप आत एका गावात अडकली होती. लटारूभाऊनं एसटीच्या कंडक्टरबरोबर चिठ्ठी पाठवली होती: पाइपाचा जोड ढिला होऊन ब्रेकचं सगळं तेल सांडलं, जोड आवळला आहे, आता काय टाकू? इथं घाणी आहे, फक्त टोरीचं तेल मिळतं. गॅरेजमध्ये तेव्हा चार लोक चहा पीत होते. त्यांच्यासमोर मी चिठ्ठीच्या मागं लिहिलं, ‘ब्रेकचं तेल म्हणजे शेवटी एरंडीचंच तेल असते. टोरीचं टाक बिनधास्त, पाइपातली एअर काढ आणि गाडी घेऊन ये.’ लोक म्हणाले, मिस्त्रीचं डोकं भारी आहे. मला ते आवडलं होतं.

तो गाडी घेऊन आलाही होता. सगळं तेल काढून, पाइप धुऊन, नवं भरायला हवं होतं. माझ्याकडे ट्रॅक्टर उघडून पडला होता. मी पेडल दाबून पाहिलं आणि म्हणालो, “लागते ना? जा मंग, पुढच्या वेळी पाहू.” पुढची वेळ आलीच नाही. मी विसरून गेलो.

जीप रोज शेडमध्ये उभी राहायची आणि दहा वाजता निघायची. अपघाताच्या दिवशी मात्र ती शिबिरासाठी रात्रभर उघड्यावर होती, आणि पेशंट आणायला उजाडताच निघाली होती.

खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार लटारूभाऊचा आला नाही. पहिला विचार आला, ती चिठ्ठी त्याच्याकडे अजून असेल का? कागद तर गेलाच होता. मी गप्प बसलो असतो, तर कोणालाही कधी कळलं नसतं. अर्धा दिवस मी हाच विचार करत दुसऱ्यांच्या गाड्यांचे नट आवळत होतो. मला माझीच किळस आली, पण तरी आवळत होतो.

दुपारी लटारूभाऊच्या घरी गेलो. त्याची बायको बुधरी दारात धान पाखडत होती. तिनं मान वर केली नाही.

“लटारूभाऊ, त्या टोरीच्या तेलाचं गुरुजीले सांगतलं का तुमी?”

“नाई.”

“काऊन?”

त्याला प्रश्नच कळला नाही. “त्यात का सांगाचं जी? तुमीच तं टाकाले सांगतलं होतं. ते चूक कसं असन?”

माझ्याच्यानं तिथं उभं राहवेना.

मी गुरुजींना निरोप दिला: सोमवारच्या आधी, रविवारी सकाळी सहाला गॅरेजवर या. शनिवारी जीप अंगणात उघड्यावर लावली.

रविवारी गुरुजी कानटोपी घालून आले. लटारूभाऊ आला. मी जीपमध्ये बसून पेडल दाबलं. दगड. अगदी त्यानं सांगितलं होतं तसा. मी पूर्ण जोर लावून दाबून धरलं आणि म्हणालो, “लोटा मागून.” लटारूभाऊनं एकट्यानं लोटली आणि जीप सरळ फाटकापर्यंत गेली. मी मागच्या चाकाचा एअर काढायचा नट उघडला. थेंब आला नाही. सत्यशीलेनं गुंडीभर गरम पाणी आणलं, ते पाइपावर ओतलं. आधी पांढरट गाठ आली, मग पिवळं तेल.

गुरुजींनी बोट लावून वास घेतला. “हे टोरीचं आहे! कोणी टाकलं?”

“म्या टाकलं, गुरुजी,” लटारूभाऊ म्हणाला.

ते खरंच होतं. त्याचा हात खिशाकडे गेला, जिथं तो लायसन ठेवतो. मला कळलं, चिठ्ठी तिथं आहे. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि हात रिकामाच बाहेर काढला.

“अरे, वीस वर्षं झाली गाडी चालवतोस, अक्कल आहे का तुला?” गुरुजी कडाडले.

मी तेवढं ऐकून घेतलं. तेवढं मी त्याला ऐकू दिलं. मग बोललो.

“मी सांगितलं होतं, गुरुजी. माझ्या हातानं लिहून दिलं होतं. तेल बदलायचं होतं, तेही मी बदललं नाही. आणि तपासलं ते दुपारी. तो कागद फाडा, दुसरा लिहून देतो.”

गुरुजींनी बोट पुसलं. “ती गाडी नीट करून दे,” ते म्हणाले. “यापुढं दुसरीकडे दाखवू. आणि भैयाजीच्या घरी तू स्वतः जाऊन सांग.”

मी गेलो. भैयाजीनं तोंड फिरवलं. त्याची आई गिरजाबाई म्हणाली, “आता सांगून का पाय सरळ होते?”

नागपूरहून नवा मास्टर सिलिंडर आणला, चारही चाकांची रबरं बदलली, पाइप काढून धुतले. लटारूभाऊची नोकरी टिकली होती. शेवटी एअर काढायला दोन माणसं लागतात, एक पेडलवर, एक चाकाखाली. तो पेडलवर बसणार होता. मी ब्रेक ऑइलचा नवा डबा उघडला आणि टाकीत ओतायला वाकलो.

“थांबा, भाऊ.”

तो खाली उतरला. इतक्या वर्षांत त्यानं माझ्या हातातल्या कुठल्याही डब्याकडे पाहिलं नव्हतं. त्यानं डबा घेतला, वरचं लेबल एक एक अक्षर लावत वाचलं. बोट बुडवून वास घेतला. परत एकदा घेतला. मग डबा माझ्या हातात दिला आणि जाऊन पेडलवर पाय ठेवला.

“हो, आता ओता,” तो म्हणाला.

त्यानं बरोबर केलं होतं. मला मात्र चाकाखाली गेल्यावर रडू आलं.

“दाबा,” मी खालून म्हणालो.

“दाबलं.”