स्तर एक शिल्लक नाही

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी एरंडोलजवळच्या बोरतळे गावातून अज्ञानाचं कायमचं उच्चाटन झालं. तशी घोषणाच झाली आणि प्राथमिक शाळेच्या फाटकावर दहा फुटी फलक चढला: 'या गावात वाचता न येणारं एकही मूल नाही.' अकरा वाजून बारा मिनिटांनी चौथीतल्या वृषालीने मान वर करून फलकाकडे पाहिलं आणि आईला विचारलं, "माय, काय लिखेल शे वं?"

केळीच्या बागेत कामाला निघालेली कमलबाई जागीच थांबली. सातवीपर्यंत शिकलेली बाई. तिने फलक दोनदा वाचला, एकदा मनात आणि एकदा लेकीसाठी मोठ्याने. दुसऱ्या वेळी तिच्या कपाळावरची शीर उडायला लागली. पंधरा दिवसांपासून न सुटलेलं कोडं आत्ता सुटलं होतं.

दिवाळीपासून ललित सर रोज शेवटचा तास मागे पडलेल्या आठ पोरांना निंबाखाली घेऊन बसत. अक्षरांचे पत्ते, चिंचोके, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे. वजाबाकी म्हटलं की रडणारी वृषाली गठ्ठा सोडून हातचा घ्यायला शिकली. घरी मसाल्याच्या पुड्यांवरचं अक्षर-अक्षर लावून वाचू लागली. जोडाक्षर किंवा लांब ओळ आली की मात्र पुडी बाजूला ठेवायची. आणि अचानक तास बंद. पत्ते कपाटात, कपाटाला कुलूप. जूनमध्ये पोरगी पाचवीला तालुक्याच्या मोठ्या शाळेत जाणार. तिथे सत्तर पोरांत हिला वेलांटी कोण शिकवणार? जे व्हायचं ते या तीन महिन्यांतच.

विळा कमरेला तसाच ठेवून कमलबाई कार्यालयात शिरली. केंद्रप्रमुख रुपचंद साहेबांच्या खांद्यावर नुकतीच शाल पडली होती. मुख्याध्यापक अभिमन सर नारळ देण्याच्या बेतात होते. ललित सर कोपऱ्यात उभे होते.

"सर, मनी पोरना तास काबर बंद कया?"

"ताई, अभिनंदन!" अभिमन सर म्हणाले. "वृषाली वाचनक्षम झाली. बघा, नोंद आहे." त्यांनी मोबाईल पुढे केला. "सतरा तारीख, दुपारी दोन चाळीस. परिच्छेद अस्खलित वाचला."

"सतरा तारीखले ती दोंडाईचाले मामाना लगीनमा व्हती! तठे काय मांडवमा परिच्छेद वाचना तिनी?"

अभिमन सरांनी नारळाची शेंडी सारखी केली.

"मनी पोरले ढ लिखा," कमलबाई म्हणाली. "आत्तेना आत्ते. नि तास चालू करा."

रुपचंद साहेब खरोखरच दुखावले. "ताई, हा शब्द आपण बंद केलाय. मुलांच्या मनाला लागतो. आता 'स्तर एक' म्हणायचं."

"मंग स्तर एक लिखा."

"स्तर एक शिल्लक नाही."

"संपना?"

"संपवला. मूल वरच्या स्तरावर गेलं की अ‍ॅपमध्ये खाली आणायची सोयच नाही. शिवाय स्तर एकचं मूल नसेल तर जादा तास कुणासाठी भरवायचा?"

कमलबाईने टेबलावर असा हात आपटला की पेढ्यांचा बॉक्स उडाला. "जी पोर कागदवर शिकी गयी तिले कोणी शिकाडस नही. नि जी शिकनी नही ती तुमना कागदवरच नही शे! मंग मनी पोर शे कोठे, साहेब? तुमना मोबाईलमा का मना घरमा?"

साहेब मोबाईलमध्ये परिपत्रक शोधू लागले.

"नोंद मी केली," कोपऱ्यातून आवाज आला. ललित सर. "आठही पोरांची. महिनाअखेर यादीत स्तर एकचा एकही लाल ठिपका दिसू नये, असा आदेश होता. मी सगळे हिरवे केले."

कमलबाई त्यांच्याकडे वळली. "तुम्ही, सर? पोर रोज घरमा तुमनंच नाव लेस."

शिव्या दिल्या असत्या तर परवडल्या असत्या. ललित सरांनी टेबलावरची किल्ली उचलली, कपाट उघडलं, पत्ते आणि काड्या घेतल्या आणि बाहेर जाऊन निंबाखाली सतरंजी पसरली. कुणी हाक मारली नव्हती. तरी आठ पोरं वर्गांतून उठून आली.

"साहेब, हे विनापरवानगी आहे!" अभिमन सर म्हणाले.

रुपचंद साहेबांनी खिडकीतून पाहिलं, विचार केला आणि शाल सावरली. "नोंदीप्रमाणे तिथे कुणीच बसलेलं नाही. जे नाही, त्याला परवानगी कशाला? रोज चालू द्या. नारळ आणा."

तास मिळाला होता. पण कमलबाईचा राग असा मिटणारा नव्हता. निंबाखाली उभी राहून ती फलकाला, साहेबांना, हिरव्या ठिपक्यांना आणि सतरंजीवर खाली मान घालून बसलेल्या ललित सरांना नाव घेऊन सुनावत राहिली. "रोज बसाडा! जूनलगून! मी रोज ईसू, आठेच निंबखाले उभी राहसू! एक दिवस बी तास बुडना तं हाऊ फलक मी विळानी फाडसू!"

वृषालीने हातातल्या पत्त्यावर बोट तसंच दाबून धरलं आणि मान वर केली.

"माय, तू आते वावरमा जाय ना वं. तू वरडस तं मनी वेलांटी चुकी जास."